एकशे तेरा

डिचोलीच्या भूमापन कचेरीत
दोन नकाशे कडेला कडा लावून ठेवले
तर जुळत नाहीत.
एकशे बारा इकडे, एकशे चौदा तिकडे,
मधे पेरभर फट. एकशे तेरा कुठंच नाही.
साहेब म्हणाले, कागद आटला असेल,
इतक्या पावसाळ्यांची ओल खाल्लीय त्यानं.
मी हो म्हटलं, आणि जेवणाच्या सुट्टीत
त्या फटीत एक गाव वसवायला घेतलं.

सुरुवातच चुकली.
आधी नाव ठेवलं, मग देऊळ, मग इतिहास:
दोन घराणी, एक शाप, पुरलेली तलवार.
डबा धुऊन येऊन बघतो तर
सगळं कोरडं ठणठणीत.
थुंकायलासुद्धा कुणी दाराबाहेर येईना.

मग माणसं आणायला लागलो, थोडी थोडी.
एकाचं सगळंच घेतलं तर चोरी होते.
साखळीच्या बसमधल्या कंडक्टरची
मुठीत नाणी खुळखुळवत विचार करायची खोड,
पोदेराचा भोंपू (पोदेर नाही, नुसता भोंपू),
मयेच्या एस्पेरांसाबाईचं
उत्तर द्यायच्या आधी कोरडेच हात पुसणं,
आणि आमचा शेजारी, खाण बंद पडल्यापासून
जागचा न हललेला ट्रक
जो रोज सकाळी धुतो, टायरांसकट,
त्याचं ते धुणं.

ते धुणं मी जायूला दिलं.
जायू माझी, कागदावरची.
तिच्यासाठी एक मोठं दुःखही तयार ठेवलं होतं.
तिनं ते घडी घालून खुंटीवर टाकलं
आणि विचारलं,
बुधवारी मी काय जेवते?
उधारी कुणाच्या दुकानात आहे माझी?
ट्रक धुवायला पाणी कुठून आणते?
मी म्हटलं, बघू.
सरकारी माणसाचं हे ठरलेलं उत्तर.

एप्रिलात झिलू मळीक अर्ज घेऊन आला.
शर्टाला पिकल्या बोंडूंचा वास,
अर्जाला आठ घड्या.
म्हणाला, माझं भाट एकशे बारात नाही म्हणतात,
एकशे चौदातही नाही.
पण काजू तर दर वर्षी धरतात हो!
काजूंना कुणी सांगितलं नाही वाटतं.

मी वही ओढली.
कामापुरतं विचारायचं सोडून
नको तेवढं विचारत बसलो.
पाणी कुठून येतं?
वरच्या झरीतून, पाटानं.
सरळ?
नाही, मधे उजवीकडे वळतं.
का?
तिथं सातेरीचं वारूळ आहे.
आजोबांच्या आधीपासूनचं.
ते कोण मोडणार? पाण्यालाच वळवलं.

पंखा फिरत होता. शिक्का हातातच राहिला.
माझ्या गावात
काहीच कशाला वळसा घालत नव्हतं.

त्या रात्री घरी
रस्त्याच्या मधोमध एक वारूळ काढलं,
बाकी काही नाही.
पाट वळला, पाटाबरोबर पायवाट,
जायूची घागर चाळीस पावलं लांब गेली,
तिला उशीर झाला,
उशीर झाला म्हणून ज्याला टाळायचं
तोच नेमका वळणावर भेटला,
मुठीत नाणी खुळखुळवत.
पुढचं मी लिहिलं नाही. ऐकत बसलो.
दोघं बराच वेळ भांडत होती,
कशावरून ते धड कळलंही नाही,
पण शाप, तलवार, घराणी
कुणाच्याच तोंडी आली नाहीत.

सोमवारी टिपणी लिहिली:
प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहिलं.
झर आहे, पाट आहे, वारूळ आहे.
अर्जदाराचं म्हणणं खरं. फट त्याची.
खाली सही केली, तारीख घातली.

जायूला अजून सांगितलेलं नाही
की गाव हलवावं लागणार.
सांगितलं तर आधी हात पुसेल,
कोरडेच,
(हे एस्पेरांसाबाईचं, तिनं कधी उचललं
मला माहीत नाही)
आणि मग विचारेल,
वारूळ कसं हलवणार?